बाजाचं पिल्लू हाताने वाढवणं इतकं अवघड का?

दोन आठवड्यांचं बाजाचं पिल्लू म्हणजे पांढऱ्या लवीचा गोळा. मान अजून डुगडुगते, पाय अंगाच्या मानाने फारच मोठे, पोट कायम पुढे आलेलं. घास दिसला की चोच वासून चिरकतं, गिळलं की तिथेच लवंडून झोपतं. इतक्या परावलंबी जिवाला आत्तापासून हाताने भरवलं, तर मोठं झाल्यावर ते माणसाळेल, हाकेला येईल, असं कुणालाही वाटेल. शिकारी पक्षी पाळण्याच्या विद्येबद्दलचा सगळ्यात पसरलेला आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच आहे.

ही विद्या म्हणजे बाज, ससाणा, शिक्रा अशा पक्ष्याला शिकवून त्याच्याकडून रानातलं भक्ष्य पकडवणं. ती करणारा तो बाजदार. बाजदाराच्या हाती पक्षी दोन वाटांनी येत आले आहेत. काही घरट्यातून पिल्लू असतानाच उचललेले, तर काही उडायला आणि शिकार करायला शिकल्यावर जाळ्यात धरलेले. जाळ्यात धरलेला पक्षी सुरुवातीला माणसाला बघून भेदरतो, मुठीवरून पुन्हा पुन्हा उडी मारतो. पण शांतपणे हाताळलं तर काही आठवड्यांत तो स्थिरावतो, आणि आपण कोण आहोत हे त्याला पक्कं ठाऊक असतं. हाताने वाढवलेल्या पिल्लाला माणसाची भीती कधी नसतेच. पुढची सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

तेराव्या शतकात पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट दुसरा फ्रेडरिक याने ससाण्यांच्या शिकारीवर लॅटिनमध्ये मोठा ग्रंथ लिहिला. पिल्लू जितके दिवस आईबापांच्या घरट्यात राहील तितकं बरं, असं त्याचं मत होतं. आज अमेरिकेतले नियमही तेच सांगतात. तिथे शिकाऊ बाजदाराला घरट्यातून काढलेलं पिल्लू ठेवता येत नाही, आणि माणसाचा ठसा उमटलेला, म्हणजे माणसालाच आपल्या जातीचा मानणारा, पक्षीही ठेवता येत नाही. दिसायला सर्वांत सोपी वाटणारी गोष्ट नवशिक्याच्या हातात मुद्दाम दिली जात नाही.

ठसा म्हणजे काय

अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला आपण कोणत्या जातीचे आहोत हे उपजत कळत नाही. डोळ्यांना नीट दिसू लागल्यावर जे समोर असतं, जे ऊब आणि घास देतं, तेच ‘आपलं’ म्हणून मेंदूत कोरलं जातं. शास्त्रज्ञ याला इम्प्रिंटिंग म्हणतात. ऑस्ट्रियाच्या कोनराड लॉरेन्झ यांनी 1930च्या दशकात हंसांच्या पिल्लांवर याचा अभ्यास केला. पिल्लांनी पहिल्यांदा त्यांनाच पाहिलं आणि ती आईच्या मागे जावीत तशी त्यांच्या मागे चालू लागली. पुढे 1973 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

हंसाचं पिल्लू जन्मल्यावर काही तासांत चालायला लागतं, त्यामुळे त्याचा ठसा झटपट उमटतो. बाजाचं पिल्लू कित्येक आठवडे घरट्यातच पडून असतं. त्याचा ठसा सावकाश, थरांवर थर चढावेत तसा चढतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ‘माझं कोण’ हे ठरतं. मग अनोळखी गोष्टींची भीती जागी होते, आणि तोवर जे पाहिलेलं नाही ते सगळं धोक्याचं वाटू लागतं. पुढे ‘माझा जोडीदार कसा दिसतो’ हेही याच काळातल्या चेहऱ्यांवरून ठरतं.

माणूस म्हणतो, पिल्लाला माझा लळा लागला. पिल्लाच्या बाजूने पाहिलं तर चित्र निराळं दिसतं. त्याच्या दृष्टीने तुम्ही त्याच्याच जातीचे आहात. आणि बाजाच्या जातीत नाती गोड नसतात. घरट्यात भावंडं घासासाठी भांडतात, अन्न कमी पडलं तर थोरलं धाकट्याला मारतंसुद्धा. मोठे झाल्यावर बहुतेक बाज एकटे राहतात आणि दुसऱ्याला आपल्या हद्दीतून हाकलून लावतात. तुम्ही त्याच्या जातीचे झालात, म्हणजे या सगळ्या वागणुकीलाही पात्र झालात.

कधीच न संपणारं बालपण

हाताने वाढवलेल्या पक्ष्याची सर्वांत ठळक खोड म्हणजे ओरडणं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, दिसलात की ओरडणं, दिसेनासे झालात की ओरडणं. ही खोड जडते कशी ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पिल्लू वाढवण्याची सगळी पद्धत याच एका प्रश्नाभोवती बेतलेली आहे.

रानात पिल्लू घरट्यातून उडालं तरी लगेच स्वतंत्र होत नाही. काही आठवडे ते आसपासच्या झाडांवर बसून आईबापांकडे अन्न मागत राहतं. आईबाप आणतात, पण हळूहळू कमी. दरम्यान पिल्लू स्वतः झडप घालायला शिकतं. एक दिवस मागून काही मिळेनासं होतं, शिकारीतून मात्र मिळू लागतं, आणि मग ते त्या भागातून निघून जातं. ओरडणं तिथेच संपतं, कारण ज्यांच्यापुढे ओरडायचं तेच आता समोर नसतात.

माणसाच्या घरी हा शेवटचा भाग घडतच नाही. इथला ‘बाप’ कधी निघून जात नाही. रोज दिसतो आणि रोज त्याच्याच हातातून घास येतो. त्यात बाजदार त्याला कामाला लावण्यासाठी वजन उतरवतो, म्हणजे भूक वाढते. भुकेलं पिल्लू, समोर बाप आणि बापाच्या हातात अन्न, मग ते ओरडणारच. ओरडल्यावर अन्न मिळालं की ओरडणं पक्कं होतं. असा पक्षी दहा वर्षांचा झाला तरी मनाने घरट्यातलं पिल्लूच राहतो.

दुसरी खोड जास्त धोक्याची. पक्षी अन्नावर पंख पसरून छत्र धरतो, पाठ फुगवतो, आणि जवळ येणाऱ्या हाताला किंवा चेहऱ्याला नख्या मारतो. भावंडापासून घास वाचवायची ही उपजत रीत आहे. एकदा जरी तुम्ही त्याच्या पायातलं मांस ओढून घेतलंत, तरी त्याच्या लेखी तुम्ही घास पळवणारं भावंड ठरता. रानातून धरलेला पक्षी माणसाच्या चेहऱ्यापासून थोडं अंतर राखून असतो. याला तसं अंतर राखायचं कारणच नसतं. बाजाच्या मागच्या नखीची ताकद ज्याने पाहिली आहे, त्याला यातला धोका वेगळा सांगावा लागत नाही.

अन्न द्यायचं, पण देणारा व्हायचं नाही

उपाय एका वाक्यात सांगता येतो, पण पाळायला फार कठीण आहे. पिल्लाच्या मनात अन्नाचा आणि माणसाचा संबंध जोडला जाऊ द्यायचा नाही. माणूस सतत आसपास असावा, पण अन्न आपोआप, भरपूर आणि न मागता मिळालेलं असावं.

अगदी पहिल्या दिवसांत चिमट्याने भरवण्यावाचून इलाज नसतो. पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही, म्हणून साधारण 36 अंश सेल्सिअसची उष्णता द्यावी लागते आणि ती दिवसागणिक उतरवत न्यावी लागते. मांस बारीक आणि ओलसर असावं, घास पिल्लाने नुसतं तोंड वर केल्यावर द्यावा, चिरकायची वाट पाहू नये. खाली सपाट गुळगुळीत कागद नको, पाय फाकले जाऊन कायमचे वाकडे होतात. काटक्यांचं किंवा गुंडाळलेल्या कापडाचं खोलगट घरटं करून द्यावं.

पिल्लाला टोचून खाता येऊ लागलं की चिमटा बंद. अख्खा लावा पक्षी किंवा कोंबडीचं पिल्लू हाडांसकट बारीक करून एका थाळीत ठेवायचं. थाळी ठेवताना पिल्लाने तुम्हाला पाहू नये, ते झोपेत असताना ठेवली तर उत्तम. ‘अख्खं’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. नुसतं लाल मांस कितीही उंची असलं तरी त्यात कॅल्शियम नसल्यातच जमा असतं. हाडांशिवाय वाढवलेल्या पिल्लाची हाडं मऊ राहतात आणि उभं राहण्याच्या वयात पाय मोडतात. मायेने निवडून निवडून मऊ मांस भरवणाऱ्यांच्या हातून ही चूक हटकून होते. पिसं आणि हाडं पोटात गेली की न पचलेला भाग पक्षी पुढे गोळी करून उलटून टाकतो. तसं होणं चांगल्या पचनाचं लक्षण आहे.

या काळात थाळी रिकामी राहता कामा नये. एक कारण ओरडण्याचं, दुसरं पिसांचं. या वयात पिसं रक्त भरलेल्या नळीतून रोज वाढत असतात. एक-दोन दिवस जरी उपासमार झाली, तरी त्या दिवशी वाढलेल्या भागावर आडवी बारीक रेघ उमटते. तिथे पीस कमकुवत होतं आणि महिन्यांनंतर ऐन उड्डाणात तिथूनच मोडतं. मोडलेल्या पिसाच्या नळीत जुनं झडलेलं पीस बारीक काडीने जोडायची कला बाजदारांना शतकानुशतकं येते, पण सगळ्या शेपटीवर रेघ असेल तर कितीशी जोडणार?

भीती जागी होण्याआधी जग दाखवायचं, हेही याच दिवसांतलं काम. घरटं उचलून माणसांच्या वावरात ठेवायचं. कुत्रा, गाडी, छत्री, धावणारी मुलं, टोपी घातलेला माणूस, सगळं लांबून आणि शांतपणे दिसू द्यायचं. पिल्लू एकट्या खोलीत वाढलं तर त्याला फक्त तुम्ही माहीत असता, आणि तुमच्यावाचून बाकी सगळ्याची धास्ती बसते.

काटा आणि मूठ

साधारण दहा आठवड्यांच्या आसपास, जातीनुसार थोडं अलीकडे-पलीकडे, पिसांच्या नळ्यांतलं रक्त आटतं आणि पिसं कडक होतात. त्याआधी वजन उतरवायला सुरुवात करणं मी चूकच मानतो, पक्षी कितीही तयार दिसला तरी.

आता पायांत मऊ चामड्याची कडी आणि त्यांतून निघणाऱ्या पट्ट्या येतात. बांधून ठेवताना पट्ट्या भोवरकडीला आणि भोवरकडी दोरीला, म्हणजे पक्षी कितीही फिरला तरी पीळ पडत नाही. पायात घुंगरू, बाजदाराच्या हातात जाड हातमोजा, आणि हल्ली पक्ष्याच्या अंगावर छोटा रेडिओ किंवा जीपीएस यंत्र. भोवरकडी अडकवायला पट्टीच्या टोकाला चीर असते; मोकळं उडवताना अशा चिरेच्या पट्ट्या काढून साध्या घालाव्या लागतात. चीर फांदीत अडकली तर पक्षी उलटा लटकून मरतो.

सगळ्यात मोठं साधन म्हणजे वजनकाटा. पक्षी बाजदाराकडे परत येतो तो भुकेमुळे, आणि भूक मोजायचा विश्वासार्ह मार्ग वजन हाच. रोज एकाच वेळी, पोट रिकामं असताना, ग्रॅमपर्यंत नोंद करायची. लहान जातींत हे किती नाजूक आहे पाहा. युरेशियन स्पॅरोहॉकचा नर जेमतेम 150 ग्रॅमचा. त्याच्या वजनातले 5 ग्रॅम म्हणजे 60 किलोच्या माणसाचे 2 किलो. किलोभर वजनाच्या बाजाच्या मादीला हेच 5 ग्रॅम जाणवणारही नाहीत. शिकारी पक्ष्यांत मादी नराहून बरीच मोठी असते, त्यामुळे एका जातीतही नराचं आणि मादीचं गणित वेगळं बसतं.

बाजदार ज्याला उडण्याचं वजन म्हणतात, ते शोधून काढायचं असतं. पक्षी लक्ष देतो, चटकन येतो, पण छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंचे स्नायू भरलेले आहेत, असं ते वजन. पक्षी येत नाही म्हणून आणखी उतरवणं, तरी येत नाही म्हणून पुन्हा उतरवणं, हा नवशिक्याचा घसरणीचा रस्ता. पक्षी भुकेने नव्हे तर भीतीने येत नसेल, तर वजन उतरवून उपयोग काय? लहान जातीत रक्तातली साखर घसरून झटके येतात, आणि मग काही तासांचा खेळ उरतो. थंडी वाढली की पक्षी जास्त अन्न जाळतो, व्यायामाने स्नायू वाढले की उडण्याचं वजनही वाढतं. म्हणून कालचा आकडा आजचा नियम होत नाही.

पुढचं शिक्षण त्या मानाने सरळ आहे. आधी पक्ष्याने मुठीवर बसून निवांत खावं. मग अड्ड्यावरून, म्हणजे बसायच्या दांड्यावरून, पाऊल टाकून मुठीवर यावं, मग उडी मारून. मग पायाच्या पट्ट्यांना लांब हलकी दोरी बांधून एक मीटर, पाच, वीस, पन्नास. प्रत्येक वेळी मुठीवर छोटासा तुकडा, तोही पक्षी पोचताक्षणी. लागोपाठ काही दिवस तो हाक ऐकताच न रेंगाळता लांबून आला की दोरी सोडायची. मुठीवरून फडफडून लटकला तर मोकळ्या हाताने अलगद वर घ्यायचा. रागावणं, झटकणं, टपली मारणं यातलं काहीही चालत नाही. कुत्र्याला धन्याची नाराजी कळते, कारण कुत्रा कळपातला प्राणी आहे. एकांड्या बाजाच्या मेंदूत शिक्षा नावाची गोष्टच नसते. त्याला फक्त एवढं कळतं की या मुठीवर दुखतं.

हाताने वाढवलेल्या पक्ष्याबाबत एक पथ्य जास्तीचं. ओरडत असताना तुकडा द्यायचा नाही, आणि शक्य असेल तिथे अन्न हातातून येतंय असं न भासता मुठीवर किंवा आमिषावर आधीपासून ठेवलेलं सापडावं.

जुने बाजदार शिकारी पक्ष्यांचे डोळ्यांवरून दोन वर्ग करत. पिवळ्या डोळ्यांचे ते गुलाबचश्म, काळ्या डोळ्यांचे ते स्याहचश्म. बाज आणि शिक्रा पहिल्या वर्गातले. आखूड पंख, लांब शेपटी, मुठीवरून सुटून थोड्या अंतरात झडप. ससाणे दुसऱ्या वर्गातले. ते उंच चढून वरून सूर मारतात. बहिरी ससाण्याचा सूर ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जातो. त्यांना मुठीपेक्षा दोरीवर फिरवलेल्या आमिषाने परत बोलावतात. दोन नावांत दोन वेगळ्या शिक्षणपद्धती सामावल्या आहेत, हे मला फार आवडतं.

पहिली शिकार झाली की पिल्लू वाढवताना काय केलंत ते उघडं पडतं. पक्षी भक्ष्यावर बसलेला असतो, रक्त तापलेलं असतं. बाजदाराने हळू जाऊन गुडघ्यांवर बसायचं, हातमोज्यात मांसाचा चांगला तुकडा धरून पुढे करायचा, आणि पक्षी आपणहून त्यावर पाऊल टाकेल तेव्हा भक्ष्य झाकून बाजूला सरकवायचं. पक्ष्याला वाटलं पाहिजे की माणूस आला म्हणजे जास्त मिळतं. पहिल्या काही शिकारींवर तर त्याला पोटभर खाऊच द्यावं. थाळीची पद्धत नीट पाळली असेल तर तो शांतपणे मुठीवर चढतो. नसेल, तर पंखांचं छत्र उघडतं आणि नख्या चेहऱ्याच्या दिशेने येतात.

ठसा कामी आला तो असा

पिल्लू पूर्णपणे माणसावर ठसवणं हा एकच मार्ग आहे असं नाही. काही पिल्लं भावंडांच्या घोळक्यात वाढवतात, म्हणजे माणसाची भीती जाते पण आपली जातही ओळखू येते. काहींना आईबापांकडेच पूर्ण वाढू देतात. ससाण्यांच्या बाबतीत आणखी एक जुनी रीत आहे. पिल्लांना उंच जागी ठेवून मोकळं उडू द्यायचं, अन्न मात्र रोज ठरलेल्या जागी मिळेल असं करायचं. काही आठवडे ती वाऱ्याशी खेळत पंख कमावतात आणि स्वतः शिकार करायला लागण्याआधी त्यांना पुन्हा पकडतात.

याच रीतीने, फक्त पुन्हा न पकडता, बहिरी ससाण्याला उत्तर अमेरिकेत परत आणलं. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन अंडी उबवताना फुटत होती, आणि अमेरिकेच्या पूर्व भागातून हा पक्षी नाहीसा झाला होता. कॉर्नेल विद्यापीठातले पक्षितज्ज्ञ आणि स्वतः बाजदार असलेले टॉम केड यांनी 1970 साली पेरेग्रिन फंड ही संस्था सुरू केली. 1972 मध्ये अमेरिकेत डीडीटीच्या वापरावर बंदी आली. पिंजऱ्यात जन्मलेली पिल्लं कड्यांवर आणि मनोऱ्यांवर पेट्यांत ठेवली गेली, आणि त्यांना अन्न टाकणारी माणसं पिल्लांच्या नजरेआड राहिली. 1999 साली बहिरी ससाणा तिथल्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर आला.

यात माणसावर ठसवलेल्या नरांचाही वाटा आहे. असा नर मोठा झाल्यावर माणसालाच जोडीदार समजतो, वाकून नमस्कारासारख्या माना घालतो, घास आणून देऊ पाहतो. प्रजनन करणारे लोक खास बनवलेली टोपी डोक्यावर घालून बसतात. नर त्या टोपीवर येतो, आणि त्यातून मिळालेलं वीर्य माद्यांच्या कृत्रिम रेतनासाठी वापरतात. एरवी जी खोड ठरते, तीच इथे उपयोगी पडली.

मात्र ठसलेला पक्षी रानात नुसता सोडून देता येत नाही. भूक लागली की तो माणसांकडे जाणार, खांद्यावर किंवा डोक्यावर उतरणार, आणि ज्याला काही माहीत नाही असा माणूस घाबरून त्याला मारणार. कॅलिफोर्नियातल्या कॉन्डर गिधाडांची पिल्लं 1980च्या दशकात याच भीतीपोटी माणसांनी हातात कॉन्डरच्या डोक्याची बाहुली घालून भरवली.

म्हणून झाडाखाली शिक्र्याचं पिल्लू सापडलं, तर आधी वर पाहा. अंगावर पिसं आलेली असतील आणि ते फांद्यांवरून उड्या मारायच्या वयाचं असेल, तर आईबाप बहुधा जवळच असतात. जमिनीवर धोका असेल तर उचलून जवळच्या फांदीवर ठेवा. अगदी लवीचं असेल तर टोपलीत घालून त्याच झाडावर जमेल तितकं उंच बांधा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देत नाही. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते घरी पाळणं गुन्हा आहे, आणि बहुतेक देशांत परवान्याशिवाय असं करता येत नाही. जखमी असेल तर हवेशीर, अंधाऱ्या खोक्यात ठेवून वन विभागाकडे पोचवा. दूध पाजू नका, चपाती-भात भरवू नका. आणि खोकं तुमच्याजवळ असेपर्यंत झाकण उघडून त्याच्याशी बोलू नका.